काचेच्या तारेची इर्जिक

कोर्पीवारा, ९ फेब्रुवारी २०२२

हेन्ना,

नाताळात टाकलेलं तुझं पत्र मला परवा मिळालं. टपालवाल्याचा दोष नाही. रस्ता साफ करणाऱ्या गाडीने माझी पेटी बर्फाखाली गाडली होती, ती रेइनोने फावड्याने उकरून काढली. आत तुझं पत्र आणि बियाण्यांची यादी. यादी जास्त ओली झाली होती.

फोन का उचलत नाही म्हणून रागावू नकोस. भिंतीवरचा फोन आता शोभेला आहे, खांबावरची तांब्याची तार उतरवून नेली. आणि तू दिलेला खिशातला फोन सॉनाच्या टेकडीवर चढल्याशिवाय तोंड उघडत नाही. उणे वीसमध्ये तिथे उभं राहून तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायला माझं डोकं फिरलेलं नाही. फिरत्या शाळेत दोन हिवाळे बसले, तेवढ्यावर पत्र लिहिता येतं.

तू लिहितेस, कंपनीने कुठूनही काम करायची मुभा दिली आहे, आणि गावात इंटरनेटची धड तार असती तर तू, यार्को आणि तुमची पिह्ला तुझ्या बापाच्या पिवळ्या घरात कायमची राहायला आला असता. ज्यांना यायचं नसतं ती माणसं असंच बोलतात. पण तुझं मी खरं धरते, कारण तू एकच कारण दिलंस. लहानपणापासूनची तुझी खोड आहे, खोटं बोलताना तू तीन कारणं देतेस. मुरंब्याची बरणी फोडलीस तेव्हा मांजर, वारा आणि वाकडी फळी, तिघांची नावं घेतली होतीस.

तर ऐक. रविवारी शाळेत सभा झाली. तारवाल्या कंपनीचा माणूस म्हणाला, चौदा घरांसाठी अकरा किलोमीटर खणणं आम्हाला जमणार नाही. सगळे आपल्या बुटांकडे बघत बसले, आपल्याकडे बसतात तसे. शेवटी रेइनो उठला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले. म्हणाला, "नळी आम्ही पुरतो. बटाट्याला नांगरतो तसं नांगरायचं. तुम्ही फक्त आत काचेची तार सोडा." झालं ठरलं. जूनमध्ये इर्जिक, सगळ्या गावाने एकत्र राबायचं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याने ट्रॅक्टर आणायचा, ज्याच्याकडे पाठ त्याने पाठ. माझ्याकडे दोन्ही नाही, म्हणून कॉफी माझ्याकडे.

आणखी एक. ती सरकारी बाई परत येऊन गेली. चुलीकडे बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं, मी काय खाते ते विचारलं. आणखी एखाद-दोन हिवाळे, मग शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात, असं वहीत लिहून घेऊन गेली. अंगणात आपलं माणूस राहत असेल तर गोष्ट वेगळी, म्हणाली. तुझ्यावर ओझं टाकत नाही. बातमी म्हणून कळवते.

साइमी

•

एस्पो, २० फेब्रुवारी २०२२

आजी,

तुझं पत्र यार्कोला मोठ्याने वाचून दाखवलं. बुटांकडे बघत बसणाऱ्यांपाशी तो हसला, आणि सरकारी बाईचं त्याने मला परत वाचायला लावलं. तू बातमी म्हणून कळवलंस, मी बातमी म्हणून वाचलं नाही. तार आली तर आम्ही येणार. कारण एकच आहे: मला तिथे राहायचंय.

तू मागे विचारलं होतंस की मी नक्की करते काय. आमची कंपनी विम्याची. सहाशे माणसं. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना एका आठवड्यात घरी पाठवलं, तेव्हा आम्ही सगळं सुतळीने बांधून चालवलं. आता माझ्याकडे काम आहे ते असं, की ही सहाशे माणसं चाळीस गावांत बसली तरी एका छताखाली असल्यासारखी काम करतील, आणि ते दहा वर्षं टिकेल. प्रत्येकाची किल्ली वेगळी, दार एक. दार अडलं तर दुसरं दार आधीच उघडं. वरच्या लोकांना अजून शंका आहे. मी त्यांना म्हटलंय, मी स्वतः सगळ्यात लांबच्या गावात बसून चालवून दाखवते.

म्हणून तुमच्या इर्जिकीबद्दल दोन गोष्टी सांगते, हसू नकोस. एकाच माणसाच्या डोक्यात जे आहे ते नाहीच असं धरायचं. म्हणून नळी जाते तसा नकाशा काढा, त्याच दिवशी. आणि एकच वाट म्हणजे वाट नव्हे. दुसरी नळी तळ्याच्या पलीकडून, ताउनोच्या जमिनीतून नेता येईल ना? एक तुटली तर दुसरी चालते.

तुझ्या ओळी पानाच्या शेवटी घसरगुंडीवरून गेल्यासारख्या का दिसतात? अक्षरही मोठं झालंय.

हेन्ना

•

कोर्पीवारा, १२ जून २०२२

हेन्ना,

पेन खराब आहे. बियाण्यांच्या दुकानात फुकट मिळालेलं. फुकटचं असंच लिहितं.

इर्जिक सुरू झाली. सोमवारपासून अडीच किलोमीटर झालं. पुढे रेइनोचा ट्रॅक्टर, मागे त्याचा तो लांब दाताचा नांगर, नांगराच्या पाठीवरून नळी जमिनीत सरकत जाते, जशी म्हातारी सुईत दोरा ओवते. मागून बाकीचे माती दाबतात आणि एकमेकांना अक्कल शिकवतात. मी दर तासाला कॉफी घेऊन जाते. कापलेला गोड पाव, राईचा पाव, मासळीची वडी. माणसं खणायला येतात म्हणतात, पण येतात ती वडीला.

तुझं ते एक दार आणि सहाशे किल्ल्या मला समजलं. आमच्या वेळी दुधाचं तसंच होतं. प्रत्येक घराच्या रस्त्याच्या तोंडाशी लाकडी ओटा, ओट्यावर आपापला डबा, डब्यावर नंबर, आणि सकाळी गाडी सगळ्यांचं उचलून न्यायची. गाय आपापल्या गोठ्यात, लोणी एकाच डेअरीत. वीस वर्षं चाललं. मग एके दिवशी गाडी आली नाही. ओटे अजून उभे आहेत, त्यावर आता शेवाळ बसतं. हे तुला घाबरवायला सांगत नाही.

नकाशाचं रेइनोला सांगितलं. तो म्हणाला, "साइमी, या गावातला कुठला दगड मला ओळखत नाही?" सगळे हसले. तारवाल्यांच्या बाईने लोखंडी तारेची एक पिवळी पट्टी दिली होती, नळीबरोबर पुरायला, म्हणजे नंतर यंत्राने शोधता येते. रेइनो म्हणाला, "काचेबरोबर लोखंड पुरलं तर उगवायचं काय?" ती पट्टी त्याच्या शेडमध्ये आहे. आणि मीही हसले, खोटं कशाला सांगू. ज्याने तळ्यातला प्रत्येक खडक पायाने मोजलाय त्याच्याकडे कागद मागणं म्हणजे पाद्र्याला प्रार्थना येते का विचारणं.

आणि ताउनोकडे मी जाणार नाही. तुला ठाऊक आहे का ते. आमचा गोठा जळाला त्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, सगळं गाव तीन दिवस इर्जिकीला आलं. आजारी शेजारीण सिल्वीसुद्धा खिळे सरळ करायला आली. तळ्याच्या पलीकडून फक्त एक माणूस आला नाही, आणि त्याच्या अंगणातून आमचा धूर स्पष्ट दिसत होता. अशा माणसाच्या जमिनीतून माझ्या नातीचं काम जायला नको.

साइमी

•

एस्पो, ३ जुलै २०२२

आजी,

ताउनोचं मी काही बोलत नाही. माझ्या जन्माआधीचं भांडण आहे, त्याला माझ्याहून जास्त मान आहे.

पण नकाशाचं सोडत नाही. सोबत एक वही आणि दोन पेन्सिली पाठवते. तू रोज कॉफी घेऊन जातेस. रेइनो जिथे जिथे कॉफीला थांबतो तिथली खूण लिही, बस. "मोठा दगड, ओढ्याच्या डावीकडे." "वाळलेला पाइन." तेवढं पुरेल. कॉफीच्या जागा म्हणजेच नकाशा. तुझ्याइतकी बारीक नजर गावात कोणाची नाही, माझ्या मोज्यातलं भोक तुला चुलीपासून दिसायचं.

हेन्ना

•

कोर्पीवारा, २ ऑक्टोबर २०२२

हेन्ना,

नळी पुरली. सोळा सप्टेंबरला. काचेची तार परवा आत सोडली. तुझ्या बापाच्या घरात, खिडकीजवळच्या खोक्यावर हिरवा दिवा लागला. रेइनो त्या खोलीत टोपी काढून उभा राहिला. मी म्हटलं, "पुरलंय कोणाला?" तेव्हा कुठे हसला.

शेवटचा तुकडा दलदलीतला, तिथे ट्रॅक्टर दोनदा पोटापर्यंत बसला. त्या दिवशी मी चार वेळा कॉफी नेली.

वही मिळाली. स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली बरोबर बसली. रागावू नकोस. लिहायला वेळ कुठे होता, हातात किटली असायची. आणि रेइनो आहे ना.

पेन्सिली पिह्लासाठी ठेवल्यात.

साइमी

•

कोर्पीवारा, २७ नोव्हेंबर २०२२

हेन्ना,

रेइनो गेला. गुरुवारी सॉनातून आला, बाकावर बसला, एक बूट घातला आणि दुसरा घातला नाही. शनिवारी पुरला. जमीन अजून कडक झाली नव्हती, ते एक बरं झालं.

मासळीच्या वड्या मीच केल्या.

साइमी

•

एस्पो, १४ डिसेंबर २०२२

आजी,

रेइनोचं वाचलं. मला तो ट्रॅक्टरवर बसवून दुधाच्या ओट्यापर्यंत न्यायचा. ट्रॅक्टर चालू झाला की मला त्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, तरी तो बोलत राहायचा.

एक बातमी आहे. वरच्यांनी परवानगी दिली. एक फेब्रुवारी ते तीस एप्रिल, तीन महिने. मी कोर्पीवारातून सगळं चालवायचं. या तीन महिन्यांत वाट एका दिवसापेक्षा जास्त बंद पडली नाही, तर मी तिथे कायमची, आणि माझ्यामागून आणखी तीसेक जण आपापल्या गावी जाऊ शकतात, त्यांनी नावं दिली आहेत. पडली, तर सगळ्यांनी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात. साहेब म्हणाला, "जंगलात चाललं तर कुठेही चालेल." मी म्हटलं, "आमच्या गावाला आम्ही जंगल म्हणत नाही, जंगल पलीकडे आहे."

पिह्लाला सांगितलंय की कोर्पीवाराच्या शाळेत नऊ मुलं आहेत. ती म्हणते, मग मी दहावी. आता एकच प्रश्न: रेइनोनंतर नळीची वाट कोणाला ठाऊक आहे?

हेन्ना

•

कोर्पीवारा, २२ डिसेंबर २०२२

हेन्ना,

मला ठाऊक आहे. किटली घेऊन अकराही किलोमीटर कोण चाललं? या तुम्ही. पिवळ्या घराची चूल मी नाताळानंतर पेटवायला घेते, भिंतींना ऊब धरायला महिना लागतो. सरकारी बाईला मी कळवून टाकलंय की अंगणात माणसं येत आहेत, आता तिने दुसरी म्हातारी शोधावी.

साइमी

•

एस्पो, १० एप्रिल २०२३

आजी,

आम्ही निघालो त्या दिवशी तू दारात आली नाहीस. पिह्ला मागच्या काचेतून हात हलवत होती, पार वळणापर्यंत. तू खिडकीत उभी होतीस आणि तू तिच्याकडे बघितलंही नाहीस, भलतीकडे, लाकडांच्या ढिगाकडे तोंड करून उभी होतीस. मी तीन आठवडे पत्र लिहायचं टाळलं, कारण रागात लिहिलं असतं.

मी हे भांडायला लिहीत नाही. मला स्वतःला नीट लावून बघायचंय.

तेवीस फेब्रुवारीला सकाळी हिरवा दिवा गेला. नळीत कुठेतरी पाणी शिरलं होतं आणि ते गोठून त्याने तार चिरडली. असं होतं, कोणाचा दोष नाही. तारवाल्यांची बाई दुपारपर्यंत यंत्र घेऊन आली. यंत्राने दाखवलं, तार तुटलीय ती शाळेपासून नळीच्या मापाने तीन हजार चारशे मीटरवर. म्हणजे दलदलीच्या आसपास. पण रेइनो दलदलीतून सरळ गेला की टेकाडाला वळसा घालून, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग शून्य. वर मीटरभर बर्फ, खाली मीटरभर गोठलेली जमीन.

तारवाल्यांची बाई तुझ्याकडे आली. तू कोट घातलास, माझा हात धरून दलदलीपर्यंत आलीस आणि काठीने दाखवलंस: "वाळलेल्या पाइनपाशी तो डावीकडे वळला. टेकाडाच्या अंगाने." तू इतक्या खात्रीने बोललीस की कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. साइमीने सांगितलं म्हणजे झालं.

नऊ दिवस, आजी. गावातल्या सगळ्यांनी लोखंडी पत्रे अंथरून कोळसे पेटवले, जमीन वितळवली, हाताने खणलं. काही सापडलं नाही. मी सॉनाच्या टेकडीवर झोपायच्या पिशवीत बसून त्या सहाशे माणसांचं दार उघडं ठेवायचा प्रयत्न केला. बॅटरी थंडीने वीस मिनिटांत मरायची. यार्को दुसरी पोटाशी धरून ऊब देत वर आणायचा. शेजारी येऊन बघून जायचे. बारा मार्चला साहेबाचा फोन आला. तो चांगला बोलला. म्हणाला, तू प्रयत्न केलास.

माणसाला चुकीचं आठवू शकतं. त्याचा मला राग नाही. मला लागलं ते वेगळं. आम्ही होतो ते सगळे दिवस तू आम्हाला परक्यासारखं वागवलंस. पिह्लाने तुझं चित्र काढलं, किटली घेतलेलं. तू "छान" म्हणालीस आणि भिंतीवर उलटं टांगलंस. ती रडली, तू विचारलं नाहीस का. संध्याकाळी आम्ही पत्ते खेळायला बोलावलं, तू दर वेळी डोकं दुखतं म्हणालीस. मला वाटलं होतं तुला आम्ही यायला हवे आहोत. बहुतेक तुला फक्त अंगणात कोणीतरी राहतंय हे त्या बाईला दाखवायचं होतं.

हे लिहायला नको होतं. लिहिलंय ते खोडत नाही.

हेन्ना

•

कोर्पीवारा, २१ मे २०२३

हेन्ना,

बर्फ गेला. बुधवारी नळी सापडली. रेइनो दलदलीतून सरळ गेला होता. आपण खणलं तिथून तीनशे मीटर पूर्वेला.

तार जोडली. दिवा लागलाय म्हणतात. घर उबदार आहे, मी चूल विझू दिलेली नाही.

आणखी एकदा विचार त्या साहेबाला. आता पाणी शिरणार नाही, सांधा बदललाय.

चित्राबद्दल तू जे लिहिलंस ते वाचलं.

साइमी

•

एस्पो, २७ ऑगस्ट २०२३

आजी,

मेपासून तुझं पत्र समोर ठेवून बसते आणि उठते. आज लिहून टाकते.

आम्ही येत नाही. कायमचं नाही. तू स्वतःला लावून घेऊ नयेस म्हणून स्पष्ट सांगते, ती नऊ दिवसांची गोष्ट यात कुठेच नाही. कंपनीने सगळ्यांनाच परत बोलावलंय, ते तार तुटली नसती तरी बोलावलंच असतं, वरती आधीच ठरलं होतं म्हणे. शिवाय यार्कोला इथे नवी नोकरी लागली आहे आणि ती हाताने करायची आहे, दुरून होत नाही. आणि पिह्लाची शाळा सुरू झाली, तिला इथे मैत्रिणी मिळाल्या, आता हलवणं बरं नाही.

माझं काम पूर्ण झालं, ते एक सांगायचं राहिलं. दारं, किल्ल्या, दुसऱ्या वाटा, सगळं. नकाशे काढलेले, दोन-दोन माणसांना शिकवलेलं. एकदाही पडलं नाही. दहा वर्षं सहज टिकेल. लोक ऑफिसात येऊन, शेजारी शेजारी बसून, ते वापरतात.

आम्ही उन्हाळ्यात भेटायला येऊ. तू बरी आहेस ना? तुझ्या शेवटच्या पत्रात दोन ओळी एकमेकींवर लिहिल्या गेल्या होत्या.

हेन्ना

•

कोर्पीवारा, ८ ऑक्टोबर २०२३

हेन्ना,

अक्षर ताउनोचं आहे, बोलणं माझं. दचकू नकोस. तो लिहितो हळू आणि श्वास घेतो मोठ्याने, पण मी सांगते तेच लिहीन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. (लिहितोय. — ताउनो)

तुझं पत्रही त्यानेच वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. तू तीन कारणं दिलीस. तुला बरणी अजून नीट फोडता येत नाही.

म्हणून आता मी एकच कारण देते. मला दिसत नाही.

दोन वर्षं झाली. आधी मधोमध धुकं आलं, जिकडे बघावं तिकडेच नेमकं. कडेचं थोडं दिसतं. तुझ्याकडे तोंड केलं तर तुझा चेहरा जातो, लाकडांच्या ढिगाकडे केलं तर तू जराशी दिसतेस. तुम्ही निघालात तेव्हा मी पिह्लाचा हात बघत होते. मला तो दिसला. ढिगाकडे तोंड होतं म्हणूनच दिसला.

चित्र कुठल्या बाजूने वर ते मी बोटांनी ओळखायला बघितलं, पण रंगाला उंचवटा नसतो. पत्त्यांचंही तेच.

सांगितलं असतं तर सरकारी बाईने त्याच आठवड्यात गाडी पाठवली असती, आणि तू आली असतीस ती आंधळीची देखभाल करायला, राहायला नव्हे. मला ते नको होतं. मला वाटलं, एकदा तुम्ही येऊन राहिलात, बूड टेकलंत, की मग हळूच सांगू. तीन महिने निभवायचे होते फक्त.

इर्जिकीत मी दलदलीपर्यंत गेले ती रेइनोच्या ट्रॅक्टरच्या आवाजावर. त्याच्या मागच्या गाडीची फळी धरून चालायचे. तो डावीकडे गेला की उजवीकडे, मला कुठलं कळायला. त्या बाईने विचारलं तेव्हा "ठाऊक नाही" एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी दोन्हीकडे खणलं असतं. पण तुला मी डिसेंबरात लिहून बसले होते की मला ठाऊक आहे, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, ते मला न बघताही समजत होतं. म्हणून मी काठी उचलली. पाइन तरी मला कुठे दिसत होता. तो तिथे आहे, एवढं लहानपणापासून माहीत होतं.

तुझे ते नऊ दिवस मी खणले. तू वही पाठवलीस तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ती टेबलाखाली घातली.

आता ताउनोचं. ऑगस्टमध्ये तुझं पत्र आलं आणि ते वाचून दाखवायला कोणी नव्हतं. रेइनो गेला, त्याच्यानंतर वाचून दाखवायची ती सिल्वीही उन्हाळ्यात गेली, टपालवाल्याला घाई. तळ्याच्या काठाने काठी टेकत मी पलीकडे गेले, एकोणपन्नास वर्षांनी. त्याचा कुत्रा भुंकला, मग तो बाहेर आला. मी म्हटलं, "वाचता येतं का?" तो म्हणाला, "बस."

वाचून झाल्यावर मी त्याला गोठ्याचं विचारलं. म्हणाला, "मला कोणी बोलावलं नाही." मी म्हटलं, "इर्जिकीला बोलावतात का कोणी? धूर दिसला की यायचं असतं." तर म्हणाला, "मी समुद्राकाठचा, त्या वसंतातच लग्न करून इथे आलो होतो. आमच्याकडे बोलावल्याशिवाय कोणाच्या अंगणात पाय ठेवत नाहीत. तीन दिवस मी कुऱ्हाड घेऊन पायरीवर बसलो होतो." मग मी नळीसाठी वाट मागितली असती तर दिली असतीस का, असंही विचारलं. (मी म्हटलं, नांगरून दिली असती. — ताउनो)

त्याने नांगरून दिलीच. सप्टेंबरभर, एकटा, रेइनोच्या नांगराने, तळ्याच्या पलीकडून. रेइनोच्या शेडमधली पिवळी पट्टीही पुरली. आणि दोन्ही वाटांचा नकाशा काढला, तो सोबत आहे. मी त्याच्या हाताला धरून जुन्या वाटेने चालले, तो बघत होता आणि लिहीत होता. कॉफीच्या सगळ्या जागा त्यात आहेत. तर तू सांगितलेलं सगळं झालं. कागद झाला, दुसरी वाट झाली, दोन माणसांना ठाऊक झालं. मेपासून तार एकदाही पडलेली नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण झोपा झाला छान.

सरकारी बाईला मी आपणहून सांगितलं. सोमवारी गाडी येते. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते म्हणे. मला काय फरक पडतो.

तू यायला नकोस. कंपनीने बोलावलंच असतं असं तू म्हणतेस, तर मी ते मान्य केलं असं समज. मी मान्य केलेलं नाही.

चित्र आता सरळ लावलंय. ताउनोने सांगितलं की किटली माझ्या डोक्याएवढी मोठी आहे. बरोबर काढलीय तिने. ते मी बरोबर नेते आहे.

पत्र लिहिणार असशील तर ताउनोच्या पत्त्यावर लिही. बुधवारी शहरात येऊन वाचून दाखवीन म्हणतो. बघू.

आता तो ट्रॅक्टर बाजूला लावायला गेला की मी पाकीट चाटून बंद करते.

साइमी

खालचं माझं आहे. ट्रॅक्टर लावून आलो, तोवर ती खुर्चीत झोपली होती, म्हणून पाकीट अजून उघडं आहे. पिवळ्या घरात या हिवाळ्यात कोणी नाही, म्हणून परवा मी नळांतलं पाणी सोडून दिलं आणि विजेचा मुख्य खटका खाली ओढला, नाहीतर पहिल्या थंडीत नळ फुटले असते. ते करावंच लागतं. आज दुपारी ती मला हाताला धरून त्या खिडकीपाशी घेऊन गेली आणि विचारलं, हिरवा दिवा लागलाय का. मी म्हटलं, लागलाय.

ताउनो